पहिलं क्रोशाचं पांघरूण: सरळ ओळी की मोठा ग्रॅनी चौकोन?

लोकरगुंडी

साखळी आणि खांब जमायला लागले की बहुतेकांना लगेच पांघरूण करावंसं वाटतं. ती इच्छा अगदी योग्य आहे. पांघरुणात आकार देणं नाही, बाह्या नाहीत, गळा नाही. तरीही कितीतरी पांघरुणं अर्ध्यावर सुटतात. कारण बहुतेक वेळा एकच असतं, दोन्ही कडा. मधलं विणकाम छान होतं आणि कडा मात्र आत-बाहेर जातात. विसाव्या ओळीला रुंदी चार बोटं कमी झालेली दिसते आणि मन उडतं.

माझं मत असं की पहिलं पांघरूण अर्ध्या खांबाच्या सरळ ओळींचं करावं. खांबापेक्षा वीण भरीव होते, मुक्या खांबापेक्षा, म्हणजे त्याहून बुटक्या टाक्यापेक्षा, लवकर वाढते. माप देते:

आकार साधारण ८० × १०० सेंमी. मध्यम जाडीची अ‍ॅक्रिलिक लोकर, म्हणजे १०० ग्रॅमला साधारण २०० मीटर भरणारी. ३०० ग्रॅम लागते, ४०० घ्या. सुई ५.५ मिमी.

१०५ साखळ्या घाला. सुईपासून दुसऱ्या साखळीत पहिला अर्धा खांब. शेवटपर्यंत गेलात की १०४ टाके. वळवा, १ साखळी घाला (ही मोजायची नाही) आणि अगदी पहिल्याच टाक्यात अर्धा खांब. पुन्हा १०४. अशा १०० ओळी.

नवीन लोकांसाठी अर्धा खांब: सुईवर एक वेढा घ्यायचा, सुई टाक्यात घालायची, धागा ओढून आणायचा, सुईवर तीन वेढे दिसतील. पुन्हा धागा घेऊन तिन्हींतून एकदम ओढायचा. झालं.

तुमच्या मते पहिल्या पांघरुणाला हेच बरं की दुसरं काही?

---

सोनटक्का

मी ग्रॅनी चौकोनाच्या बाजूने. एकच मोठा चौकोन, मधून सुरू करून फेऱ्या वाढवत जायचा. ज्या कडांबद्दल तुम्ही लिहिलंत त्या इथे नसतातच! १०५ साखळ्यांची लांबलचक सुरुवातही नाही. सुई टाक्याच्या डोक्यात न घालता तीन-तीन खांबांच्या दोन गटांमधल्या मोकळ्या जागेत घालायची असते, त्यामुळे नवख्या हाताला टाका शोधावा लागत नाही.

४ साखळ्यांचं कडं. त्यात ३ साखळ्या (हा पहिला खांब), २ खांब, २ साखळ्या, मग (३ खांब, २ साखळ्या) तीनदा. सुरुवातीच्या तिसऱ्या साखळीत स्लिप स्टिचने (धागा साखळीतून आणि सुईवरच्या वेढ्यातून एकदम ओढून) जोडा. पुढच्या प्रत्येक फेरीत कोपऱ्यात ३ खांब, २ साखळ्या, ३ खांब आणि बाजूच्या प्रत्येक मोकळ्या जागेत ३ खांब. पडताळा सोपा आहे: जितवी फेरी, तितकेच गट प्रत्येक बाजूला. सातव्या फेरीत एका बाजूला सहाच दिसले तर कुठेतरी जागा सुटली आहे.

---

दाभण

दोन्ही बाजू पटल्या. पण कडा बिघडतात म्हणजे नक्की काय होतं ते आधी लिहायला हवं, नाहीतर नवीन माणूस पद्धत बदलतो आणि चूक तीच करतो.

सगळा घोळ वळणाच्या साखळीचा आहे. पूर्ण खांबाच्या ओळीत वळताना ३ साखळ्या घालतात आणि त्या एक खांब म्हणून मोजतात. म्हणजे पहिला टाका सोडून दुसऱ्यात विणायचं आणि ओळीच्या शेवटी मागच्या ओळीतल्या त्या ३ साखळ्यांच्या वरच्या साखळीत एक खांब घालायचा. नवखा माणूस ही शेवटची साखळी टाका म्हणून ओळखतच नाही. दर ओळीला एक टाका कमी, आणि कापड त्रिकोणी. उलट कोणी पहिल्या टाक्यातही विणतं आणि ३ साखळ्यांवरही विणतं, त्याचं कापड पंख्यासारखं पसरतं.

लोकरगुंडीताईंच्या कृतीत १ साखळी मोजायचीच नाही. पहिला टाका पहिल्यात, शेवटचा शेवटच्यात. म्हणून ती नवशिक्याला खरोखर सोपी आहे. त्यांनी खांबाऐवजी अर्धा खांब निवडला त्याचा मोठा फायदा मला हा वाटतो, भरीवपणा नंतर.

---

पाऊलवाट_३

शेवटचा टाका कोणता हे कसं ओळखायचं? मला दर वेळी एक जास्तीचा दिसतो.

---

दाभण

ओळीतला पहिला अर्धा खांब झाला की लगेच त्याच्या डोक्यात सेफ्टी पिन अडकवा. पुढच्या ओळीत परत याल तेव्हा तोच तुमचा शेवटचा टाका. पिनेत टाका घातला, पिन काढली, वळलात, नव्या पहिल्या टाक्याला लावली. दोन पिना पुरतात.

जास्तीचा दिसतो ती बहुधा वळणाची साखळी. ती बाजूला बारीक गाठीसारखी असते, तिला हात लावायचा नाही.

अर्ध्या खांबाची आणखी एक खोड. डोक्यावर इंग्रजी व्ही सारखे दोन धागे असतात आणि त्यांच्या मागच्या अंगाला खाली एक तिसरा आडवा धागा. सुई व्हीच्या दोन्ही धाग्यांखालून गेली पाहिजे. कधी दोन, कधी तो तिसरा असं झालं तर मधेच आडवी वळी उठते.

---

चिंचपान

ओळ संपली की मोजायचं. पहिल्या दहा ओळी प्रत्येक ओळ. कंटाळा येतो, पण दहाव्या ओळीला सापडलेली चूक दहा मिनिटांत उसवून होते, चाळिसाव्या ओळीतल्या चुकीला संध्याकाळ जाते. १०४ सलग मोजू नका. दर २० टाक्यांनंतर रंगीत दोऱ्याचा तुकडा आडवा टाकून ठेवा, म्हणजे पाच विसा आणि चार एवढंच बघायचं.

---

समुद्रफेन

लोकरीबद्दल थोडं. दुकानात 'फोर प्लाय द्या' म्हटल्यावर जे मिळेल त्यावर जाडी ठरवू नका. प्लाय म्हणजे किती पदर पिळले आहेत, त्यावरून धागा जाड की बारीक हे पक्कं कळत नाही. लेबलवर ग्रॅम आणि मीटर बघा. १०० ग्रॅमला २०० मीटरच्या आसपास असेल तर या कृतीला चालेल. ३५०-४०० मीटर असेल तर ती बारीक, दोन धागे एकत्र धरून विणावी लागेल आणि वजनाने साधारण तितकीच लागेल.

वर्धमान, ओसवाल वगैरे लुधियानाच्या लोकरी आपल्याकडे सहज मिळतात. कोणतीही घ्या, पण सगळी एकाच वेळी आणि लेबलवरचा लॉट क्रमांक सारखा बघून. तोच रंग, तीच कंपनी, पण लॉट वेगळा असला तर सूर्यप्रकाशात पट्टा उठून दिसतो. उरलेली न उघडलेली गुंडी दुकानदार परत घेईल का हे आधीच विचारून ठेवा.

पहिल्या पांघरुणाला काळा, गडद निळा, मरून रंग नको, टाके दिसत नाहीत. मखमली शेनीलचा धागा तर मुळीच नको. हाताला फार छान लागतो, पण टाका कुठे आहे ते बोटांनी चाचपडावं लागतं आणि दोन-तीनदा उसवला की त्याची लव झडते.

---

रानमेवा

सुईचे क्रमांक कसे वाचायचे? आजीच्या डब्यात ८ नंबर आहे, ती मोठी की लहान?

---

समुद्रफेन

क्रमांक विसरा, मिमी बघा. जुन्या ब्रिटिश क्रमांकात आकडा वाढला की सुई बारीक होते: ८ म्हणजे ४ मिमी, ६ म्हणजे ५, ५ म्हणजे ५.५. अमेरिकन पद्धतीत उलट, एच-८ म्हणजे ५ मिमी आणि जे-१० म्हणजे ६. शिवाय तोरणं-रुमालांच्या बारीक पोलादी सुयांचे क्रमांक आणखी वेगळे.

---

ओवी_पुणेकर

याला जोडून एक. रुखवतासाठी तोरणं, रुमाल, ताटावरची झाकणं विणलेल्या हातांना पांघरूण शिकायची गरज नसते, पण त्यांचीही एक अडचण होते. बारीक सुती दोऱ्याला टाका घट्ट ओढायची सवय असते. तोच ताण लोकरीला दिला की पांघरूण पायपुसण्यासारखं कडक होतं. अशांनी एक आकडा मोठी सुई घ्यावी, ६ किंवा ६.५. धागा करंगळीला दोन वेढ्यांऐवजी एकच द्यावा.

टाका सुईच्या कोणत्या भागावर बसतो तेही बघा. नाकाजवळच्या निमुळत्या भागावर बसला तर लहान आणि घट्ट होतो. तो मागे, दांड्याच्या सरळ गोल भागावर यायला हवा. सुईचं माप त्या भागाचंच असतं.

---

लोकरगुंडी

ओवीताई, अगदी मोलाचं लिहिलंत. यावरून नमुना-तुकड्याचं राहिलं ते लिहिते. २१ साखळ्या घालून २० टाक्यांच्या १२ ओळी विणा. कडा सोडून मधल्या १० सेंमीत टाके मोजा. माझं माप १३ टाके आणि १० ओळींचं आहे. तुमचे १५ आले तर १०४ टाक्यांचं पांघरूण ६९ सेंमीच होईल. ११ आले तर जवळजवळ ९५ सेंमी, आणि लोकर मधेच संपेल. सुई अर्धा मिमी मोठी-लहान करून बघा, किंवा टाक्यांची संख्या बदला. पांघरूण अंगात बसवायचं नाही, म्हणून १३ ऐवजी १२ आले तर खुशाल पुढे जा.

---

सोनटक्का

ग्रॅनीत यातलं काहीच लागत नाही हो. हवं तेवढं झालं की थांबायचं. :)

---

दाभण

सोनटक्का, तिथेही नवखे दोन ठिकाणी अडकतात. एक, कोपऱ्यातल्या २ साखळ्या विसरल्या की चौकोन वाटीसारखा उचलला जातो. दोन, तीसेक फेऱ्या एकाच दिशेने गेलं की चौकोन हळूहळू पिळवटतो, बाजू मधल्या फुलाच्या रेषेत राहत नाहीत. उपाय सोपा: प्रत्येक फेरी जोडल्यावर काम उलटवायचं आणि उलट दिशेने जायचं. पीळ दोन्हीकडे वाटला जातो.

---

गणितपेटी

ग्रॅनीचा लोकरीचा हिशोब फसवा आहे, म्हणून सांगतो. पहिल्या फेरीत १२ खांब, दुसरीत २४, तिसरीत ३६. म्हणजे फेऱ्यांची संख्या 'न' धरली तर एकूण ६ × न × (न+१) खांब. ८० सेंमीचा चौकोन याच लोकरीत साधारण ३१ फेऱ्यांचा: ५९५२ खांब. त्यातले अर्धे २२ व्या फेरीपर्यंत होतात आणि उरलेले अर्धे शेवटच्या नऊ फेऱ्यांत! म्हणून 'पाऊण झालं, अजून अर्धी लोकर आहे' असं वाटून निवांत राहू नका. रंगांचे पट्टे करणार असाल तर बाहेरच्या रंगाची लोकर सर्वांत जास्त घ्या.

सरळ ओळींत हा प्रश्न नाही. १० ओळी झाल्या की स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर गुंडी ठेवा. आधीच्या वजनातून वजा करा, दहाने गुणा. २९ ग्रॅम गेले असतील तर पांघरुणाला २९० आणि काठाला वीस एक ग्रॅम वेगळे.

वेळही काढता येतो. १०४ × १०० म्हणजे १०,४०० टाके. नवखा हात मिनिटाला आठ टाके घालतो असं धरलं तर २२ तास. रोज पाऊण तास बसलात तर महिनाभर.

---

पाऊलवाट_३

माझी सुरुवातीची कड आत खेचली गेली आहे, वरची बाजू रुंद दिसते. टाके मात्र १०४ च आहेत, मोजले.

---

ओवी_पुणेकर

सुरुवातीची साखळी घट्ट झाली. टाके बरोबर असूनही असं होतं, कारण साखळी नंतर ताणली जात नाही. पुढच्या वेळी फक्त साखळी ६.५ च्या सुईने घाला आणि पहिल्या ओळीपासून ५.५ घ्या. आणखी चांगलं म्हणजे साखळी उलटी करून तिच्या पाठीवरच्या उंचवट्यात पहिली ओळ घाला, खालचा काठ वरच्यासारखाच दिसतो.

आत्ता किती ओळी झाल्यात? पाच-सहा असतील तर उसवा. तीसच्या वर असतील तर पुढे चालू ठेवा, काठ घालताना खालच्या बाजूला थोडे जास्त टाके घालून बरंच सावरता येतं.

---

पाऊलवाट_३

आठ ओळी. उसवते.

---

मिनेसोटाचीमाऊ

इकडच्या वाचकांसाठी एक सूचना. इंग्रजी कृती वाचताना ती अमेरिकन आहे की ब्रिटिश हे आधी बघा. आपला मुका खांब अमेरिकनमध्ये सिंगल क्रोशे, ब्रिटिशमध्ये तोच डबल. आपला खांब अमेरिकनमध्ये डबल, ब्रिटिशमध्ये ट्रेबल. 'डबल' वाचून चुकीचा टाका घेतला तर पांघरूण निम्म्या उंचीचं किंवा दुप्पट उंचीचं होतं. कृतीत कुठेही 'सिंगल' दिसलं की ती अमेरिकन, आजच्या ब्रिटिश पद्धतीत तो शब्दच नाही.

मराठी शब्द फार नेमके आहेत. खांब म्हटलं की उंची डोळ्यांसमोर येते.

---

चिंचपान

बारशाला भेट म्हणून करणाऱ्यांसाठी: ग्रॅनीच्या भोकांत बाळाची बोटं अडकतात, म्हणून तान्ह्यासाठी भरीव अर्धा खांबच बरा. झालर, गोंडे, मणी नको. आणि वर्षाच्या आतल्या बाळावर झोपेत सैल पांघरूण टाकू नये असं बालरोगतज्ज्ञ सांगतात. मांडीवर घेताना, जमिनीवर खेळताना अंथरायला वापरा. भेट देताना हे आईला आवर्जून सांगा.

---

तेरेखोल

आमच्या दमट हवेत अ‍ॅक्रिलिक चिकट वाटतं. सुती धाग्याचं केलं तर?

---

समुद्रफेन

कोकण-गोव्यासाठी सुतीच योग्य. पण तीन गोष्टी धरून चाला. त्याच जाडीला सुती धागा जड, म्हणजे ३०० ऐवजी ४०० ग्रॅमच्या आसपास लागेल. लोकरीसारखी लवचीकता नाही, त्यामुळे हात लवकर दुखतो. अर्ध्या तासाने थांबा. आणि ओलं झालं की वजनाने लांबतं, दोरीवर टांगू नका, आडवं पसरून वाळवा. तिथे मात्र ग्रॅनीची जाळी भरीव विणीपेक्षा बरी, हवा खेळते.

---

रानमेवा

एका मोठ्या चौकोनाऐवजी लहान लहान करून जोडले तर? प्रवासात नेता येतील.

---

सोनटक्का

करता येतात, पण पहिल्याच पांघरुणाला नको. प्रत्येक चौकोनाची दोन टोकं लपवायची. ४८ चौकोन म्हणजे ९६ टोकं, शिवाय जोडणी. शेवटच्या चौकोनाचा ताण पहिल्यापेक्षा वेगळा आलेला असतो, तेव्हा ते एकमेकांना नीट बसत नाहीत. तरीही करायचेच असतील तर दर पाच चौकोनांनंतर त्यांची टोकं लपवून टाका, शेवटी साठवू नका.

एकत्र जोडण्यावरून आठवलं. २०१६ साली चेन्नईत 'मदर इंडियाज क्रोशे क्वीन्स' या गटाने ११,१४८.५ चौरस मीटरचं पांघरूण करून गिनीजमध्ये नोंद केली. देशभरातल्या आणि बाहेरच्या बायकांनी विणलेले तुकडे जोडून ते झालं. इतक्या हातांचे वेगवेगळे ताण एकत्र बसवणं केवढं मोठं काम आहे, ते विणणाऱ्यालाच कळेल!

---

तेरेखोल

वा! हे माहीत नव्हतं. मनापासून आवडलं.

---

दाभण

टोकांचा विषय निघालाच आहे. नवी गुंडी जोडताना दोन्हीकडे किमान १५ सेंमी धागा सोडा. बोथट टोकाच्या मोठ्या सुईने विणीतून एकदा डावीकडे, मग एक धागा सोडून उजवीकडे, पुन्हा डावीकडे असं तीनदा फिरवा. एकाच दिशेने नेलेलं टोक दोन धुण्यांत बाहेर येतं. अ‍ॅक्रिलिक गुळगुळीत असल्यामुळे नुसत्या गाठीवर विसंबू नका.

रंग बदलायचा तर ओळीच्या शेवटच्या अर्ध्या खांबात, सुईवर तीन वेढे असतानाच नवा रंग घेऊन ओढा. टाका पूर्ण करून बदलला तर पुढच्या ओळीच्या डोक्यावर जुन्या रंगाचा ठिपका राहतो.

---

पाऊलवाट_३

पुन्हा सुरू केलं, साखळी मोठ्या सुईने. बारा ओळी सरळ आल्या. काठ कसा घालायचा तेही सांगून ठेवा ना.

---

लोकरगुंडी

छान! काठ मुक्या खांबाचा, दोन फेऱ्या. वरच्या आणि खालच्या बाजूला टाक्याला टाका, १०४. कोपऱ्यात एकाच जागी ३. उभ्या बाजूला मात्र हिशोब हवा. १० सेंमीत ओळी १० आणि टाके १३ मावतात, म्हणजे १०० ओळींच्या बाजूला १३० टाके. प्रत्यक्षात ओळीला एक, एक, मग दोन, असं करत गेलात की जवळपास तेवढेच होतात. काठ लाटांसारखा झाला तर टाके जास्त झाले, आत खेचून कोपरे वळले तर कमी. पहिली बाजू झाली की टेबलावर पसरून बघा, चारही बाजू संपेपर्यंत थांबू नका.

मग वाफ. पांघरूण चादरीवर मापात पसरून टाचण्या लावा, वाफेची इस्त्री दोन-तीन सेंमी वर धरून फिरवा आणि गार होईपर्यंत हलवू नका. इस्त्री टेकवायची नाही. अ‍ॅक्रिलिक वितळून चपटं आणि चकचकीत होतं, ते पुन्हा पूर्ववत होत नाही. खरी लोकर असेल तर कोमट पाण्यात भिजवून, टॉवेलमध्ये गुंडाळून दाबून, पसरून वाळवा. तिला गरम पाणी आणि घासणं दोन्ही वर्ज्य, आटून नमदा होतो.

मूळ प्रश्नाबद्दल: सोनटक्का आणि दाभण यांचं वाचून मी माझं मत थोडं बदलते. ज्याला मोजायचा कंटाळा आहे किंवा ज्याला सुती करायचं आहे, त्याने मोठा ग्रॅनी चौकोन करावा, दर फेरीला उलटवत. बाळासाठी किंवा खरी ऊब हवी असेल तर अर्ध्या खांबाच्या ओळी, १०४ टाके, दोन पिना.

---

सोनटक्का

मान्य. आणि ग्रॅनी करणाऱ्यांनी गणितपेटींचा बाविसाव्या फेरीचा हिशोब लिहून ठेवा. त्या फेरीला हातातल्या लोकरीचं वजन करा. चौकोन जेवढा भरला असेल तेवढीच लोकर शिल्लक नसेल, तर त्याच लॉटची गुंडी त्याच दिवशी आणा.